गृहसंचयकावरील माध्यम सर्व्हर

घरातील संगणक-जाळ्यास जोडलेल्या सामाईक साठवण यंत्रावरील चित्रपट, ध्वनिमुद्रणे व छायाचित्रे त्या घरातील दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी, संगणक इत्यादींना मागणीनुसार पुरविणाऱ्या आज्ञावलीस माध्यम सर्व्हर म्हणतात. हे साठवण यंत्र व्यवहारात ‘नास’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. प्रस्तुत नोंदीत त्यास गृहसंचयक म्हटले आहे. यंत्राचा उत्पादक स्वतःची एखादी माध्यम आज्ञावली बहुधा सोबत देतो. तथापि दुसऱ्या संस्थेने किंवा स्वयंसेवी आज्ञावलीकारांच्या गटाने तयार केलेली, म्हणजे त्रयस्थ, आज्ञावली त्या यंत्रावर बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. प्लेक्स, एम्बी व जेलीफिन या अशा प्रमुख आज्ञावली होत.

गृहसंचयक हा वस्तुतः एक लहान संगणकच असतो. त्यास पडदा किंवा कळफलक नसतो. एक, दोन वा चार हार्ड डिस्क बसविण्याचे कप्पे असतात आणि तो तारेने राउटरला जोडलेला असतो. सिनॉलॉजी (स्थापना २०००) व क्यूनॅप (स्थापना २००४) या तैवानमधील कंपन्यांची यंत्रे प्रसिद्ध असून त्यांची कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली आहे. दोन डिस्क असल्यास एकीची तंतोतंत प्रतिकृती दुसरीवर ठेवण्याची सोय असते. अशा वेळी ४ टेराबाइटच्या दोन डिस्क मिळून उपयोगी जागा ४ टेराबाइटच उरते. यंत्र अहोरात्र चालू राहते. त्याचा वीजवापर सरासरी १५ वॉट धरल्यास महिन्याला सु. ११ युनिट वीज लागते.

नवी मुंबईत या तंत्राची दोन टोके शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात. सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या या शहरातील ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पूर्वी मुख्यतः रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने होते. आता महापे, रबाळे, ऐरोली या भागांत मोठमोठी विदा केंद्रे उभी असून पनवेलजवळील योट्टा कंपनीचे ‘एनएम १’ हे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. या केंद्रांमध्ये हजारो डिस्क मिळून जे काम करतात, तेच काम वाशी किंवा नेरूळ येथील एखाद्या सदनिकेत दूरचित्रवाणी संचामागे ठेवलेले दोन डिस्कचे यंत्र अल्प प्रमाणात करीत असते. फरक आकाराचा आहे, त्याहून अधिक तो ताब्याचा आहे. वर्गणीच्या सेवेवर आज दिसणारा चित्रपट परवान्याची मुदत संपताच तेथून नाहीसा होतो. गृहसंचयकावरील फाइल मालकाने पुसल्याखेरीज जात नाही. शिवाय अनेक कुटुंबांच्या बाबतीत प्रश्न चित्रपटांचा नसतोच. लग्नमुंजींच्या व्हीएचएस फिती, मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावरील चित्रण, आकाशवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतलेली नाट्यगीते, दिवंगत आजोबांचा आवाज ही सामग्री कोणत्याही वर्गणीच्या सेवेवर मिळत नाही. व्हीएचएस पद्धती १९७६ मध्ये आली आणि त्या पद्धतीच्या यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्ये बंद पडले. कोकणपट्टीच्या दमट हवेत फितींना बुरशी लागते, हे निराळेच. त्यामुळे अशी सामग्री अंकीय स्वरूपात आणणे भागच पडते, आणि ती आणल्यावर घरातील वृद्ध व्यक्तीलाही पाहता येईल अशी सोय करावयाची, तर माध्यम सर्व्हर लागतो.

इतिहास : घरातील उपकरणांनी एकमेकांस आपोआप ओळखावे, यासाठी ‘यूपीएनपी’ या संकेतावलीचे मंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. तिच्या आधारे सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी २००३ मध्ये एक संघ उभारला. तोच पुढे ‘डीएलएनए’ या नावाने ओळखला जाऊ लागला. या पद्धतीत दूरचित्रवाणी संच जाळ्यावर ‘येथे कोणी माध्यम पुरविणारे आहे काय ?’ अशी सामायिक हाक देतो आणि सर्व्हर तिला उत्तर देतो. कल्पना साधी व उपयुक्त होती. परंतु कोणता संच कोणत्या प्रकारची फाइल स्वीकारील याविषयी एकवाक्यता नव्हती, आणि पडद्यावर दिसे ती फाइलींची रूक्ष यादी. २०१७ मध्ये हा संघ विसर्जित झाला, तरी पद्धती अनेक संचांत अद्याप शिल्लक आहे. दुसरा प्रवाह हौशी आज्ञावलीकारांचा होय. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या माध्यम-वादकाचे पुढे ‘एक्सबीएमसी’ व २०१४ पासून ‘कोडी’ असे नामांतर झाले. त्याच्या मॅक संगणकावरील आवृत्तीतून २००८ च्या सुमारास प्लेक्सचा उदय झाला. प्लेक्सने सर्व्हर व वादक हे दोन भाग वेगळे केले. एम्बी या आज्ञावलीचा मूळ मजकूर पूर्णतः खुला राहणार नाही असे दिसताच डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यातून जेलीफिन ही मुक्त शाखा फुटली.

त्रयस्थ आज्ञावलीकडे वळण्याचे कारण केवळ आकर्षक मांडणी नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये सिनॉलॉजीने आपल्या कार्यप्रणालीच्या ७.२.२ या आवृत्तीतून ‘व्हिडिओ स्टेशन’ ही स्वतःचीच आज्ञावली काढून टाकली. ज्यांनी वर्षानुवर्षे तिच्यात याद्या रचल्या होत्या, त्यांना नवी आवृत्ती घ्यावी की जुनी आज्ञावली राखावी असा पेच पडला. फाइली जागच्या जागी होत्या. गेले ते त्या दाखविणारे साधन. यंत्र विकत घेतले म्हणजे त्यावरील आज्ञावलीही कायमची आपली झाली, हा समज किती चुकीचा आहे हे या प्रसंगाने दाखविले. मात्र त्रयस्थ आज्ञावलीही या दोषापासून मुक्त असतेच असे नाही. प्लेक्समध्ये प्रवेशासाठी कंपनीच्या मध्यवर्ती खात्याचा आधार घेतला जातो. तसेच स्वतःच्याच घरातील संग्रह घराबाहेरून पाहण्याची पूर्वी विनामूल्य असलेली सोय एप्रिल २०२५ च्या अखेरीस सशुल्क करण्यात आली. जेलीफिनमध्ये मध्यवर्ती खाते नाही व शुल्कही नाही. परंतु ती बसविणे व अद्ययावत ठेवणे यांचा भार सर्वस्वी मालकावर पडतो.

कार्यपद्धती : आज्ञावली उत्पादकाच्या सूचीतून थेट किंवा ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त आवरणात बसविता येते. दुसरा मार्ग थोडा क्लिष्ट असला, तरी त्यात आज्ञावलीस यंत्राच्या ठरावीक भागापलीकडे पोहोचता येत नाही. माध्यमांच्या फोल्डरवर तिला केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. चित्रपट दाखविण्यासाठी तो पुसण्याच्या अधिकाराची आवश्यकता नसते. बसविल्यानंतर ती फोल्डर तपासून फाइलींची नावे वाचते व त्यांवरून शीर्षक, वर्ष, कलावंत, भित्तिपत्रक इ. माहिती सार्वजनिक सूचींतून मिळविते. म्हणून नावात वर्ष घालणे अगत्याचे असते. केवळ ‘श्यामची आई’ एवढे नाव दिल्यास प्र. के. अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट आणि २०२३ चा त्याच नावाचा चित्रपट यांत गल्लत होण्याचा संभव असतो. कौटुंबिक चित्रणासाठी वेगळा विभाग करून त्यात हा बाह्य शोध बंद ठेवावा लागतो. अन्यथा एखाद्या बारशाच्या चित्रणावर परदेशी चित्रपटाचे भित्तिपत्रक झळकते.

प्रत्यक्ष दाखविताना दूरचित्रवाणी संचाला फाइलचे चित्रसंकेतन समजत असेल, तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवितो व यंत्रावर जवळजवळ ताण पडत नाही. संकेतन ओळखीचे पण त्याचे वेष्टन अनोळखी असल्यास केवळ वेष्टन बदलले जाते. हेही हलके काम आहे. संकेतनच समजत नसेल, तर मात्र सर्व्हरला प्रत्येक चित्रचौकट उलगडून नव्याने संकेतित करावी लागते. यास रूपांतरण म्हणता येईल. एमपीईजी-२, एच. २६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) व एव्ही-१ (२०१८) ही संकेतने क्रमाने अधिक काटकसरी, पण उलगडण्यास अधिक अवघड आहेत. स्वस्त गृहसंचयकातील प्रक्रियक या कामी तोकडा पडतो आणि चित्र अडखळते; चित्रसंकेतनासाठी स्वतंत्र मंडल असलेला प्रक्रियक तेच काम सहज करतो. खरेदीच्या वेळी डिस्कच्या आकाराचीच चौकशी होते, प्रक्रियकाची क्वचितच. वास्तविक पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ तेथे असते.

जुन्या फितींवरून घेतलेल्या चित्रणात आणखी एक अडचण येते. भारतातील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असून प्रत्येक चौकट सम व विषम रेषांच्या दोन क्षेत्रांत विभागलेली असते. आधुनिक पडद्यावर ही क्षेत्रे नीट न जुळविल्यास हलणाऱ्या व्यक्तीच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. मिनी-डीव्ही चित्रण तासाला सु. १३ गिगाबाइट जागा घेते. म्हणून मूळ प्रत तशीच जपून, क्षेत्रे जुळविलेली एच. २६४ प्रत पाहण्यासाठी वेगळी करून ठेवणे सोयीचे पडते.

मराठी सामग्री : यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास ३ बाइट लागतात. लिनक्सवर फाइलनावाची सामान्य मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरी नाव ८५ चिन्हांपर्यंतच लांबू शकते. सिनॉलॉजीच्या कूटबद्ध फोल्डरात ती मर्यादा १४३ बाइटांवर, म्हणजे सु. ४७ चिन्हांवर येते, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सर्व वेगळी मोजली जातात. नाटकाचे नाव, पद, गायक व साल एका ओळीत लिहिण्याची सवय असलेल्यास ही जागा पुरत नाही. दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून अधिक त्रासदायक आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ या कार्यक्रमाच्या नावातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकित होते : एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते, दुसरीत साध्या ‘र’ नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात; संगणकास ती दोन निराळी नावे वाटतात व एक लिहून शोधल्यास दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या स्वराचीही तीच गत आहे, कारण त्याचे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या जुन्या गीतयाद्या तर रोमन अक्षरांची निरर्थक माळ म्हणूनच उमटतात व त्या नव्याने लिहाव्या लागतात. उपशीर्षकांतील जोडाक्षरे काही दूरचित्रवाणी संच फोडून दाखवितात. तेव्हा सर्व्हरकडून अक्षरे चित्रावरच उमटवून घ्यावी लागतात, आणि त्यासाठी पुन्हा पूर्ण रूपांतरण आवश्यक ठरते.

घराबाहेरून प्रवेश : पुण्यास किंवा परदेशी असलेल्या मुलांना नवी मुंबईतील घरचा संग्रह पाहता यावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आशिया–पॅसिफिक विभागातील आयपी-४ पत्त्यांचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आल्याने अनेक सेवादाते असंख्य ग्राहकांना एका सामायिक पत्त्यामागे ठेवतात. परिणामी राउटरमध्ये ‘दार उघडण्याची’ नेहमीची युक्ती तेथे चालत नाही. आयपी-६ पत्ता असल्यास मार्ग निघतो. अन्यथा वायरगार्डसारख्या पद्धतीने बाहेरील एखाद्या दुव्याच्या साहाय्याने कूटबद्ध खाजगी बोगदा उभारतात. तसे पाहता दार सरसकट उघडे नसणे ही इष्टापत्तीच होय. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ व जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर आज्ञावलींनी महाजालावर उघड्या असलेल्या क्यूनॅप यंत्रांतील फाइली कुलूपबंद केल्या. २०२२ मध्येच लास्टपास या संकेतशब्द-सेवेच्या एका अभियंत्याच्या घरातील संगणकात प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतील दोषावाटे शिरकाव झाला; तो दोष २०२० मध्येच दुरुस्त झालेला होता, परंतु नवी आवृत्ती घेतली गेली नव्हती.

कायद्याच्या दृष्टीने भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ खाजगी व वैयक्तिक उपयोगासाठी होणाऱ्या न्याय्य वापरास मुभा देते. मात्र प्रताधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५अ अन्वये अपराध आहे. घरचा संग्रह परक्यांना खुला करणे या मुभेत बसत नाही.

जतन : दोन डिस्कवरील प्रतिकृती म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. एका डिस्कवरून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते आणि चोरी, आग वा विजेचा झटका यांपुढे दोन्ही सारख्याच असहाय असतात. स्वतंत्र डिस्कवरील प्रत दुसऱ्या घरी असावी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई परिसरातील तळमजल्यांवर काय झाले, हे लक्षात घेता ती वरच्या मजल्यावर असावी. वीज अचानक गेल्यास यंत्रास नीट बंद होता यावे, म्हणून बॅटरीवरील यूपीएस जोडतात. यंत्रच बिघडले तरी सिनॉलॉजीच्या डिस्क सामान्य लिनक्स संगणकावर बहुधा वाचता येतात. माध्यम सर्व्हरने रचलेली माहिती मात्र त्याच्या स्वतःच्या कोठ्यात असते. ती प्रत्येक चित्रणाशेजारी साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवण्याची सोय जेलीफिनमध्ये आहे. ती चालू केल्यास कोणत्या चित्रणात कोण आहे, ते कोठले व केव्हाचे, ही नोंद आज्ञावली बदलली तरी फाइलीसोबतच राहते.