पंचगंगेचा भोवरा, हेलियमचा भोवरा

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याचे बरगे काढले, की खालच्या अंगाला पंचगंगेचं पाणी गरागरा भोवरे घेतं. एखादा जोराचा, एखादा मंद. जोर कितीही असू शकतो आणि श्यानतेमुळे तो विरून जातो. द्रवरूप हेलियम-४ मात्र २.१७ केल्विनखाली, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिप्रवाही होतं, म्हणजे श्यानतेविना वाहू लागतं, आणि जोराची ही मोकळीक संपते.

कारण अतिप्रवाही भागाचं वर्णन एकाच पुंजलहरीनं होतं. भोवऱ्याभोवती फेरी पूर्ण झाली की ती लहर स्वतःशी तंतोतंत जुळलीच पाहिजे. त्यामुळे भोवऱ्याच्या जोराचं, म्हणजे अभिसरणाचं, माप ठरून जातं: प्लांकचा स्थिरांक भागिले हेलियमच्या अणूचं वस्तुमान, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.००१ चौरस सेंटीमीटर, किंवा त्याची पूर्ण पट. अधलंमधलं काही नाही. ऑनसागर यांनी १९४९ मध्ये हे सुचवलं, फाइनमन यांनी १९५५ मध्ये विस्तारानं मांडलं आणि व्हिनेन यांनी १९६१ मध्ये कंप पावणाऱ्या तारेवरून मोजून दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. हेलियमचं भांडं सव्वासहा सेकंदांत एक फेरी या गतीनं फिरवलं, तर दर चौरस सेंटीमीटरला असे सुमारे २,००० भोवरे समांतर उभे राहतात. प्रत्येकाचा गाभा जेमतेम अणूएवढा. पण सरासरी काढली की सगळा द्रव एकसंध फिरताना दिसतो. मग नेहमीच्या द्रवगतिकीची समीकरणं पुन्हा कामाला येतात. त्यांत फक्त भोवऱ्यांचा ताण आणि अतिप्रवाही नसलेल्या, सामान्य हेलियमशी होणारं त्यांचं घर्षण मिळवावं लागतं.