गॅरेज नसलेल्यांची मोटरसायकल

मिनिआपोलिसला अपार्टमेंटमध्ये राहणारे मित्र दर ऑक्टोबरात मला विचारतात, "गॅरेज नाही, गाडी विकून टाकू का?" मी म्हणतो, विकू नका, एकदा विकली की पुन्हा घेण्याचा विषय घरात काढणे कठीण! नुसत्या थंडीने मोटरसायकल बिघडत नाही. खरे शत्रू दोन: दमटपणा आणि उतरलेली बॅटरी.

पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे ५० अंश सेल्सियसलाही गोठत नाही. पार उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठून फुटू शकते. म्हणून ती काढून घरात हवेशीर जागी ठेवावी व महिन्यातून एकदा चार्ज करावी. पेट्रोल भरलेली गाडी मात्र घरात किंवा जिन्याखाली कधीही आणू नये.

आधी ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्ले आतले भाग खातात. मग टाकीत स्टॅबिलायझर घालून ती भरावी आणि इंजिन दहा मिनिटे चालवावे.

मी गाडीत एकच बदल केला, सेंटर स्टँड बसवून घेतला. त्याखाली प्लायवूड टाकले की बर्फ वितळून जमीन भुसभुशीत झाली तरी गाडी कलंडत नाही. वर हवा खेळणारे कव्हर घालावे. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली पाणी साचते.

'अधूनमधून पाच मिनिटे चालू करा' हा सल्ला ऐकू नये. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. थंड सायलेन्सरमध्ये ते तसेच राहते आणि गंज चढतो. एप्रिलपर्यंत गाडीला झोपू द्यावे.