बाळाच्या खरेदीतून वॉकर वगळा

पहिलटकरणीच्या यादीत मऊ सुती दुपटी, लंगोट, झबली आणि थर्मामीटर हवेतच. चाकांचा वॉकर मात्र नको. त्यात बसलेलं बाळ चवड्यांनी जमीन रेटतं, समोरच्या ट्रेमुळे त्याला स्वतःची पावलं दिसत नाहीत, तोल सावरायची वेळच येत नाही. मग चालणं लवकर कसं येणार? उलट जिना, स्टोव्ह, टेबलावरचा गरम चहा क्षणात हाताशी येतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती अशा अपघातांमुळेच.

‘आमच्या वेळी पांगुळगाडा होताच की!’ असं आजी म्हणतील. पण पांगुळगाडा बाळ उभं राहून, स्वतःच्या पायांवर भार घेऊन ढकलतं. फरक तिथेच आहे. आईचे हात मोकळे हवेत, हे अगदी खरं. त्यासाठी जमिनीवर गोधडी अंथरा, स्टीलच्या दोन वाट्या द्या आणि बाळाला नजरेसमोर रांगू द्या.