जुन्या ट्रकचा धूर : दुरुस्ती कुठून सुरू करावी?

पाचवे निजाम अफझलउद्दौला यांचे नाव मिरवणारे अफझलगंज ही हैदराबादची जुनी घाऊक पेठ. बेगमबाजार, उस्मानगंज, अफझलगंज या पट्ट्यात मालवाहतुकीची कार्यालये आहेत, तसेच उस्मानिया रुग्णालय आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. इथल्या ट्रकचा धूर रुग्ण, विद्यार्थी, हमाल असा सगळ्यांच्याच वाट्याला येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र केबिनमध्ये बसणाऱ्या चालकाला आणि क्लीनरला. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये गळती असेल, तर धूर मागे न जाता केबिनमध्ये शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. प्रवासात डोके दुखू लागले, मळमळले, तर गाडी थांबवून आधी मोकळ्या हवेत यावे.

गळती शोधणे अवघड नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि सांध्यापाशी काजळीचा काळा ओघळ दिसतो. बहुधा मॅनिफोल्डचे पॅकिंग जळालेले असते किंवा स्टड तुटलेला असतो. त्यावर पत्रा गुंडाळून भागत नाही. स्टड काढावा, मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सपाट आहे का ते पट्टी लावून पाहावे, वाकला असल्यास मशीनवर घासून घ्यावा, आणि नवे पॅकिंग घालून नट मधून बाहेरच्या दिशेने आवळावेत. इंजिन एकदा तापून थंड झाले की ते पुन्हा तपासावेत. जुने पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नये, हवेने उडवू नये. त्याची धूळ फुफ्फुसात बसते.

टर्बोच्या आधी गळती असेल, तर टर्बोला जोर मिळत नाही. मग गाडी ओढत नाही, डिझेल जास्त जाते आणि काळा धूर वाढतो. गळती नसूनही काळा धूर येत असेल, तर एअर फिल्टर आणि नोझल तपासावेत. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनातून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा रेडिएटरचे पाणी आत जाते आहे.

ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला तर साफ करावा. पत्री लावून बंद करू नये. युरियाची टाकी असलेल्या गाडीत ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे द्रावणच लागते. शेतीचा युरिया पाण्यात कालवून ओतला, तर महागडी यंत्रणाच निकामी होते.

पीयूसी चाचणीत बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू आहे, बीएस-४ गाड्यांना ५०. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्रही घ्यावे लागते. चाचणीच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा, महिन्यातून एकदा सकाळी थंड इंजिनाजवळ उभे राहून कान देणे स्वस्त पडते. अनेक घरांची चूल एकाच जुन्या ट्रकवर चालते. गाडी टिकायला हवीच, आणि ती चालवणारा माणूस त्याहून आधी.