टॉनिकची जाहिरात आपल्याला का पटते?

सभासद बंधूंनो, मोठी बांधणी झाली, युरियाचा शेवटचा हप्ता गेला, की थोड्याच दिवसांत उसाला काळोखी येते आणि ऊस सरसर वाढू लागतो. नेमक्या याच सुमारास टॉनिकची फवारणी सांगतात. वाढ खताची नि पाण्याची, नाव मात्र बाटलीचे! जाहिरातीचे निम्मे बळ ही वेळ साधण्यात आहे, असे आम्हांस वाटते.

उरलेले बळ फोटोत. उंच ऊस आणि शेजारी हात वर केलेला शेतकरी. पण त्याच रानातल्या न फवारलेल्या सऱ्या कुठे दिसतात काय? ज्यांना फरक पडला नाही त्यांचे फोटो कोण छापणार? शिवाय "भावकीतल्या अमक्याने मारले" म्हटल्यावर माणूस मागे राहात नाही. मुलांच्या शक्तिवर्धक डब्याचेही हेच. वाढीच्या वयात मूल वाढतेच.

सगळीच टॉनिके खोटी, असे आम्ही म्हणत नाही. रानात जस्त वा लोह कमी असेल तर त्याच्या फवारणीने पाने सुधारतात. पण कमी काय आहे ते माती परीक्षणाने कळते, बाटलीवरून नव्हे. २०२१ साली जैव-उत्तेजके १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. तेव्हा लेबल वाचून, पक्की पावती घेऊनच माल घ्यावा. आणि मारायचेच तर मधल्या चार सऱ्या कोऱ्या ठेवा. तोडीला त्या चार आणि शेजारच्या फवारलेल्या चार, यांच्या मोळ्या वेगवेगळ्या वजन करून पाहा.