आंब्याच्या पानांवरील चिकटा : कारण, निदान व उपाय

पौष-माघात हापूसची कलमे मोहोरावर असताना रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक बागांत पाने तेल चोळल्यासारखी चकाकू लागतात. हात लावल्यास ती बोटांना चिकटतात. पुढे थोड्याच दिवसांत त्यांवर काळी पुटे चढतात व झाड काजळल्यासारखे दिसते. यालाच आपल्याकडे 'खार पडणे' असे म्हणतात. हा मळभाचा किंवा दवाचा परिणाम आहे अशी अनेकांची समजूत असते. काही बागायतदार काळा रंग पाहून केवळ बुरशीनाशक फवारतात. खर्च होतो, पण मूळ कारण तसेच राहते आणि मोहोर गळून जातो. म्हणून औषध हाती घेण्यापूर्वी निदान करणे अगत्याचे आहे.

चिकटा कोठून येतो?

हा चिकट द्रव झाड स्वतः पाझरत नाही. झाडाचा रस शोषणारे कीटक तो शरीराबाहेर टाकतात. झाडाच्या रसात साखर पुष्कळ, पण कीटकाच्या वाढीस लागणारी नत्रयुक्त द्रव्ये अल्प असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून कीटकास फार रस प्यावा लागतो. जास्तीची साखर मधासारख्या थेंबांच्या रूपाने बाहेर पडते व खालच्या पानांवर साचते. या साखरेवर काळी बुरशी वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, पण सूर्यप्रकाश अडवते. त्यामुळे पानाचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते.

निदान कसे करावे?

प्रथम काळ्या पानावर ओले बोट घासावे. काळेपणा पुसला जाऊन खाली हिरवे पान दिसले, तर ती चिकट्यावरील काजळी होय. डाग पुसला गेला नाही व पानाचा भाग वाळलेला असला, तर करप्यासारख्या रोगाचा संशय घ्यावा. नंतर चकाकणाऱ्या पानांच्या वरच्या फांद्या पाहाव्यात, कारण थेंब वरून खाली पडतात. तेथे पुढीलपैकी एक कीड बहुधा आढळते.

(१) तुडतुडे : पाचरीच्या आकाराचे, करड्या-तपकिरी रंगाचे लहान कीटक. मोहोर हलविताच ते उडतात व पानांवर आपटून पावसाच्या बारीक थेंबांसारखा आवाज होतो. कोकणात चिकट्याचे हेच प्रमुख कारण आहे. मादी मोहोराच्या दांड्यांत व कोवळ्या पालवीत अंडी घालते. पिल्ले व प्रौढ दोन्ही रस शोषतात. मोहोर नसताना प्रौढ कीटक खोडाच्या सालीच्या भेगांत दडून राहतात.

(२) पिठ्या ढेकूण : मोहोर, फळांचे देठ व कोवळ्या फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात.

(३) खवले कीड : पानांच्या शिरांवर व फांद्यांवर न हलणारे, नखाने खरवडून निघणारे खवले दिसतात.

पिठ्या ढेकूण व खवले किडीजवळ मुंग्यांची रांग बहुधा असतेच. ती जेथवर जाते, तेथवर शोध घ्यावा.

उपाय

मशागतीचे उपाय आधी योजावेत. दाट, अंधाऱ्या बागेत तुडतुड्यांना आश्रय मिळतो. म्हणून फळे काढून झाल्यावर वाळक्या व गर्दी करणाऱ्या फांद्या छाटून झाडाच्या मध्यभागी ऊन व वारा पोहोचू द्यावा. पिठ्या व खवल्यांनी भरलेल्या फांद्या कापून जाळाव्यात.

तुडतुड्यांसाठी फवारणी वेळेवर होणे महत्त्वाचे. दापोली येथील कृषि विद्यापीठ (स्थापना १९७२) आंब्यासाठी फवारणीचे वेळापत्रक देते. त्यातील पहिल्या तीन फवारण्या, प्रति १० लिटर पाण्यास, अशा आहेत : मोहोरापूर्वी पालवीवर डेल्टामेथ्रीन २.८ टक्के प्रवाही ९ मि.लि.; बोंगे फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के प्रवाही ६ मि.लि.; आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के ३ मि.लि. पहिली फवारणी खोड व फांद्यांवरही करावी, म्हणजे सालीत दडलेले प्रौढ मरतील. शिफारशी बदलत असल्याने चालू वर्षाचे वेळापत्रक कृषि अधिकाऱ्याकडून पाहून घ्यावे.

पानांवर आधीच चढलेली काजळी काढण्यासाठी एक किलो मैदा पाच लिटर पाण्यात उकळून, थंड करून, गाळून २० लिटर करावा व स्वच्छ उन्हाच्या दिवशी फवारावा. खळ वाळली की तिचे पापुद्रे काजळीसह गळून पडतात. मळभाच्या दिवशी हा उपाय करू नये. कीड आटोक्यात आल्यावरच तो करावा, अन्यथा चार दिवसांत पाने पुन्हा काळी होतील.

सावधगिरी

मोहोर पूर्ण उमलला असता कीटकनाशक शक्यतो फवारू नये. माश्या व मधमाश्या परागीकरण करतात. त्या मेल्यास तुडतुडे जाऊनही फळधारणा होत नाही. तेच औषध वारंवार वापरल्यास किडीस त्याची सवय होते, तसेच ढालकिडे व इतर मित्रकीटक नष्ट होतात. फवारताना नाकातोंडावर फडके व हातांत मोजे असावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, आणि फळे काढण्यापूर्वी बाटलीवरील प्रतीक्षाकाळ कटाक्षाने पाळावा.

बागायतदार बंधूंनी पालवी फुटल्यापासून आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक कलमाखाली उभे राहून वर पाहण्याचा परिपाठ ठेवावा. पहिले चकाकणारे पान वेळीच हेरले, तर खर्च व मोहोर दोन्ही वाचतील.