बदलापूरच्या डोक्यावरची धार

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलमध्ये उजव्या हाताची खिडकी मिळाली, तर उल्हासनगर मागे पडल्यापासून एक डोंगररांग सोबतीला येते. आधी मलंगगडाचा तुटक, पायऱ्यापायऱ्यांचा आकार दिसतो. मग तावली, मग नवरा-नवरीचे सुळके, आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये आभाळात घुसलेलं चंदेरीचं टोक. त्याला खेटून म्हैसमाळ, पुढे नाखिंड, पेब आणि शेवटी माथेरानचं पठार. रोज या गाडीने जाणाऱ्या लाखोंपैकी फार थोडे या धारेवर चढतात. जे चढतात, त्यांतले काही फारच कमी तयारीने चढतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

चंदेरीची उंची सुमारे २,३०० फूट, म्हणजे ७०० मीटर. आल्प्सच्या हिशेबात ही उंची हसण्यावारी नेण्याजोगी. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं झेरमाट हे गावच १,६०० मीटरवर आहे. पण समुद्रसपाटीपासूनची उंची हे डोंगराच्या अवघडपणाचं माप म्हणून फारसं कामाचं नाही. चंदेरीच्या पायथ्याचं चिंचवली गाव समुद्रसपाटीहून फारसं वर नाही. तिथून माथा गाठायचा तर सकाळच्या काही तासांत सहाशेहून अधिक मीटर सरळ अंगावर येतात, आणि त्यातला शेवटचा टप्पा उघड्या कातळावरचा असतो. इथे बर्फ नाही, विरळ हवा नाही. बाकी अरुंद धार, दोन्ही बाजूंना दरी, हातात निसटणारा दगड आणि चढण्यापेक्षा कठीण उतरण हे सगळं आल्प्ससारखंच, फक्त आखूड मापात.

ही धार घडली कशी, हे कळलं की वाटही अर्धी कळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यातले काही थर टणक आणि एकसंध झाले, काही सच्छिद्र आणि ठिसूळ राहिले. मध्येमध्ये गेरूसारखे लालसर मातीचे पट्टे आले. पुढे पावसाने ठिसूळ थर भराभर झिजवले आणि टणक थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले. म्हणून सह्याद्रीत कडा, मग उतार, पुन्हा कडा अशी रचना जागोजागी दिसते. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या शिल्पांनी भरलेल्या भिंतीही याच काळ्या पाषाणाच्या. ते मंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६०चं, शिलाहारांच्या राजवटीतलं. नऊशेहून अधिक पावसाळे खाऊनही त्यावरची नक्षी वाचता येते. टणक थराचा दगड किती टिकतो, त्याचा दाखला हवा तर अंबरनाथमध्येच पाहावा. आणि ठिसूळ थराचं काय होतं, ते चंदेरीच्या उतारावर पायाखाली कळतं.

रांगेच्या ईशान्येला उल्हास नदीचं खोरं, नैर्ऋत्येला पनवेलकडे जाणाऱ्या गाढी नदीचं. दोन्हीकडून ओढ्यांनी पोखरत आणल्यामुळे मधली भिंत जागोजागी अगदी पातळ झाली आहे. माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब वसईच्या खाडीकडे जातो, शेजारचा पनवेलच्या खाडीकडे. या पाण्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्या गाडीच्या खिडक्यांतून दिसणारे डोंगर हेच.

थरांच्या या रचनेचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे मलंगगड. खाली पीरमाची, तिच्यावर सोनेमाची, आणि सगळ्यात वर बालेकिल्ला. पीरमाचीवर हाजी अब्दुल रहमान ऊर्फ हाजी मलंग यांचा दर्गा आहे. अनेक हिंदू त्याच जागेला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. माघी पौर्णिमेला तिथे मोठी गर्दी होते. इथवर पायऱ्या, दुकानं, चहाच्या टपऱ्या. त्याच्या वरचं जग मात्र वेगळंच आहे. बालेकिल्ल्याच्या वाटेवर एके ठिकाणी डोंगर तुटलेला आहे आणि तो ओलांडायला आधार आहे तो एका आडव्या लोखंडी पाइपचा. खाली सरळ दरी. दोर, हार्नेस आणि जाणता सोबती असल्याशिवाय तिथे पाऊल टाकणं हा शुद्ध आततायीपणा आहे, मग समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ काहीही दाखवोत.

या कड्यांनी फौजाही अडवल्या आहेत. १७८० साली इंग्रज-मराठे युद्धात कॅप्टन ॲबिंग्टनने मलंगगडाचा खालचा भाग घेतला. शिबंदी वरच्या बालेकिल्ल्यात गेली आणि तिथून हलेना. खालून मराठ्यांची कुमक आल्यावर वेढा घालायला आलेला ॲबिंग्टनच मध्ये सापडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर्नल हार्टले मदतीला धावून आला, तेव्हा त्याची सुटका झाली. वरच्या टप्प्यावर मूठभर माणसं आणि खाली तोफखान्यासह सैन्य, तरी जमेना. अशा वाटेवर एका वेळी एकच माणूस पुढे सरकू शकतो, आणि वरून दगड सोडणाऱ्याला नेमबाजी यावी लागत नाही.

चंदेरीला असा गाजलेला इतिहास नाही. पडका तट, दगडी नंदी, सुळक्याच्या पायथ्याची गुहा, गुहेतलं शिवलिंग आणि जवळचं पाण्याचं टाकं, एवढाच ऐवज. आठ-दहा माणसं कशीबशी झोपतील एवढी गुहा आणि बेताचं पाणी पाहता, हा नांदता किल्ला असण्यापेक्षा टेहळणीची चौकी असणंच पटतं. कल्याणच्या परिसरावर नजर ठेवायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

वाट चिंचवलीतून निघते. सुरुवातीला शेतं आणि झाडोरा, मग एक घळ. चंदेरी आणि म्हैसमाळ यांच्यामधून ही घळ सरळ वर खिंडीकडे चढते आणि मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली आहे. पावसाळ्यात इथूनच पाणी धावतं. कोरड्या दिवसांत धोंड्यांवरून उड्या मारत जाणं सोपं वाटतं. खिंड जवळ येते तसा धोंड्यांचा आकार घटत जातो आणि सुरू होतो घसारा. मुरूम आणि सुट्या खड्यांचा उतार, त्यावर वाळलेल्या गवताचा थर. चार पावलं वर टाकावीत आणि दोन खाली यावं अशी चाल. पुढचा माणूस जो दगड सोडेल तो मागच्याच्या दिशेनेच येणार, म्हणून एका रेषेत खेटून चालायचं नसतं, आणि दगड सुटला की जो ओरडेल त्याला कोणी भित्रा म्हणायचं नसतं. उताराला कारवीची झुडपं आहेत. ती आठ वर्षांतून एकदा फुलते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तिची वाळकी काठी धरली की हातात येते, हे बहुतेकांना अनुभवानेच कळतं.

खिंडीतून वर गुहेपर्यंत बहुतेक जण पोहोचतात. चिंचवलीपासून तिथवर साधारण तीन तास. बरेच ग्रुप इथूनच मागे फिरतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही. कारण गुहेच्या पुढची वाट सुळक्याच्या कुशीतून आडवी जाते, काही ठिकाणी पाऊलभर रुंद, मग कातळावरून वर. चढण्याचं तंत्र म्हणून पाहिलं तर इथले टप्पे फार वरच्या श्रेणीचे नाहीत. प्रश्न असतो तो उघडेपणाचा: पाय चुकला तर मध्ये अडवणारं काही नाही. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन आधार कायम पक्के ठेवून चौथा हलवायचा, हा प्रस्तरारोहणातला पहिला धडा इथे प्रत्येक पावलाला लागतो. वर माथा इतका चिंचोळा आहे की मोठ्या ग्रुपने तिथे गर्दी करू नये. शिवाजी महाराजांचा पुतळा तिथे बसवलेला आहे. खाली एका अंगाला बदलापूरच्या इमारती, दुसऱ्या अंगाला पनवेलकडचा मुलूख, आणि मधोमध ही धार म्हैसमाळ-नाखिंडवरून माथेरानकडे गेलेली.

आज दोराच्या मदतीने लोक जिथे शनिवार-रविवारी जातात, तो सुळका गिर्यारोहणाच्या पद्धतीने पहिल्यांदा सर झाल्याचं सांगितलं जातं ते १९५७ साली, मुंबईच्या ‘हॉलिडे हायकर्स’ या मंडळाकडून. मुंबईत ‘गिरिविहार’ची स्थापना झाली ती १९५४ची. म्हणजे महाराष्ट्रात संघटित डोंगरचढाई नुकती बाळसं धरत होती तेव्हाच ही धार तिच्या नजरेत भरली होती. पुढे १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चा संघ पोहोचला. मराठी गिर्यारोहकांच्या कितीतरी पिढ्यांनी दोर बांधायला शिकून घेतलं ते असल्याच हजार मीटरच्या आतल्या कातळांवर.

आल्प्समध्ये गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर दिवा लावून निघतात. ऊन चढलं की दगडांना धरून ठेवणारा बर्फ वितळतो आणि कड्यावरून मारा सुरू होतो. चंदेरीलाही अंधारातच निघावं, पण कारण वेगळं: काळा कातळ दहा वाजल्यापासून तापू लागतो, दमट हवेत घाम वाळत नाही, आणि खिंडीच्या वर सावली नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी बरोबर हवं; टाक्याच्या भरवशावर जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात हिरवाईचे फोटो छान येतात, पण शेवाळलेला कातळ कोणालाच धरू देत नाही आणि घळीत अचानक पाणी वाढतं. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा घरीच ठेवलेला बरा.

अपघात बहुधा उतरताना होतात. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नचा माथा पहिल्यांदा गाठणारे सात जण होते. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. दीडशे वर्षांनंतरही कारणं तीच आहेत: माथा गाठल्यावर सैल पडलेलं लक्ष, थकलेले गुडघे, आणि पाऊल कुठे ठेवायचं ते वरून न दिसणं. चंदेरीवर त्यात घसाऱ्याची भर पडते. वाट चुकून अडकलेल्यांना, घसरून जखमी झालेल्यांना काढण्याची वेळ इथे पुन्हा पुन्हा आली आहे.

झेरमाटमध्ये १९६८ पासून ‘एअर झेरमाट’ची हेलिकॉप्टरं आहेत, कड्यावर अडकलेला माणूस हवामान चांगलं असेल तर थोड्या वेळात खाली येतो. इथे तसं काही नाही. ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’कडे फोन गेला की जवळच्या गिर्यारोहण संस्थांना निरोप जातात. त्यातली मुलं-माणसं आपापली नोकरी सांभाळणारी. ती दोर-स्ट्रेचर घेऊन निघतात, पायथ्याच्या गावातला कोणी वाटाड्या सोबत घेतात आणि अंधारात घळ चढू लागतात. जखमीला घसाऱ्यावरून खाली आणायला आळीपाळीने खांदा देणारी बरीच माणसं आणि अख्खी रात्र लागू शकते. या कामाचे पैसे त्यांना मिळत नाहीत.